अनुभवाचा रकाना

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी आपल्या भाचीला घेऊन टेबलाशी आला. मुलगी विशीतली. एका खाजगी इस्पितळात दोन वर्षं 'पेशंट असिस्टंट' म्हणून काम करते, म्हणजे आपण ज्याला सरळ 'आया'चं काम म्हणतो ते. आता तिला नर्सिंगला जायचं आहे. प्रश्न एकच होता. या दोन वर्षांचा प्रवेशाला उपयोग होईल का?

ऑफिसात फॉर्म भरून देणारा माणूस अशी माझी एक ख्याती आहे. रहिवासी दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत लोक माझ्याकडे येतात आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोला. मी लगेच उत्तर दिलं, "नाही. फॉर्मात त्याचा रकानाच नसतो." मुलगी 'बरं' म्हणाली आणि गेली. पोळीचा पुढचा घास मात्र माझ्या घशाखाली उतरेना. उत्तर खोटं नव्हतं, पण ते देण्याचा हक्क मला कितपत आहे, हा प्रश्न होता. त्याला कारण आमच्या घरातली एक गोष्ट आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. बांबोळीला अकरा दिवस काढून आम्ही तिला फोंड्याला घरी आणलं. मी आणि बायको दोघंही नोकरीवाले, मुलगा शाळेत. पहिले दोन-तीन महिने रजा, मावश्या, शेजारी असं ओढून काढलं. मग एका ब्यूरोमार्फत एक मुलगी आली. सत्तरीची, केरीच्या बाजूची, बावीस वर्षांची. बारावी आर्ट्स झालेली. आईला तिचं नाव उच्चारता येईना, म्हणून तिने पहिल्याच दिवशी तिला 'बाय' केलं, आणि मग आमच्या घरात ती बायच झाली. इथेही मी तिला बायच म्हणतो.

ब्यूरोचं तीन महिन्यांचं एक सर्टिफिकेट तिच्याजवळ होतं. लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं. आम्ही महिन्याला बारा हजार मोजायचो, त्यातले दोन ब्यूरो कापून घ्यायचा. तेव्हा मला ते बारा हजार फार वाटायचे. आता हिशोब करतो तेव्हा दिवसरात्रीच्या कामाचे तासाला किती पडले ते काढायचं धाडस होत नाही.

काम म्हणजे काय ते ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं त्यांना सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची. बेडपॅन. अंग पुसणं. लघवीच्या पिशवीतलं माप वहीत लिहून ठेवणं. पण बायचं वेगळेपण मला एका सकाळी कळलं. आईला पेज भरवताना रोज ठसका लागायचा. आम्ही समजायचो, वय झालं, लागणारच. बायने तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीशी तीन उशा लावून तिला जवळजवळ ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली घेतली, पेज थोडी दाट केली आणि चमचा डाव्या बाजूने, म्हणजे शाबूत बाजूने घातला. गिळलं की नाही ते बघून मगच पुढचा चमचा. ठसका पुष्कळ कमी झाला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? बाय म्हणाली, "कोणी नाय. ती पातळ पेजेला घाबरायची, ते दिसायचं."

हे 'दिसणं' कुठल्या परीक्षेत विचारतात, मला माहीत नाही.

आता नियम काय म्हणतो ते सांगतो, कारण नियम हे माझं क्षेत्र. आपल्याकडे नर्सिंगचं शिक्षण कसं द्यायचं ते १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेलं आहे. (२०२३ मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा नवा कायदा संमत झाला आहे.) दारं तीन. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी सायन्स, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, या विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, आणि इंग्रजी उत्तीर्ण. दुसरं जी.एन.एम., तीन वर्षांचं डिप्लोमावालं. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्सला प्राधान्य, पण आर्ट्सलाही मज्जाव नाही. ४० टक्के आणि इंग्रजी. वय १७ ते ३५. तिसरं ए.एन.एम., दोन वर्षांचं, आरोग्य उपकेंद्रावर ज्या ताई असतात त्यांचं.

यात अनुभव कुठे बसतो? एकाच ठिकाणी. नोंदणी झालेली ए.एन.एम. असेल तर तिला जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो, आणि तिला वयाची वरची अटही नाही. म्हणजे अनुभवाला किंमत आहे, पण तो नोंदणीच्या रजिस्टरात असला तर. ब्यूरोची मुलगी, इस्पितळातली आया, वॉर्डबॉय, घरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया यांचं कुठलंच रजिस्टर नाही. दहा वर्षं रोगी उलटेपालटे केले तरी गुणवत्ता यादीत त्याचा अर्धा गुणही मिळत नाही. बी.एस्सी.च्या २०२१ च्या नव्या नियमांत शंभर गुणांची प्रवेश परीक्षा सांगितली आहे, त्यात वीस गुण 'नर्सिंगचा कल' तपासण्यासाठी आहेत. त्या वीस गुणांत बायसारखी मुलगी कदाचित चमकली असती. पण त्या परीक्षेला बसायलाच सायन्स हवं, आणि बाकीच्यांपैकी साठ गुण त्याच तीन विषयांचे.

बायच्या डोक्यात नर्सिंग आलं ते मात्र स्विंडनहून. गोंयकाराला स्विंडन कुठे आहे ते सांगावं लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्टच्या जोरावर आपले किती लोक तिकडे गेले! आमच्या शेजारची एक बाई तिथल्या केअर होममध्ये कामाला होती. मे महिन्यात सुट्टीवर आली की आईला बघायला यायची. बायचं काम बघून ती म्हणाली, "तू तिकडे असतीस तर हेच काम दाखवून नर्सिंगला गेली असतीस." हे अगदी वावगं नव्हतं. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या अर्जाबरोबर स्वतःविषयी लिहावं लागतं, मुलाखत होते, आणि तिथे रोग्याची सेवा प्रत्यक्ष केलेली असणं वजनदार ठरतं. २०१३ साली तर उलटंच वारं आलं होतं. मिड स्टॅफर्डशायरच्या इस्पितळात रोग्यांची जी हेळसांड झाली त्यावरचा फ्रान्सिस अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकारने ठरवलं की नर्सिंगच्या पदवीला जाण्याआधी मुलांनी वर्षभरापर्यंत सहायकाचं काम करून बघावं. प्रायोगिक तत्त्वावर ते सुरूही केलं. पुढे नर्सिंग असोसिएट म्हणून मधली एक पायरी तयार केली, २०१९ पासून तिची रीतसर नोंदणी होते. सहायक, असोसिएट, मग नर्स असं चढत जाता येतं. अर्थात तिकडेही मार्क लागतातच, नुसत्या सेवेवर कोणी घेत नाही. पण जिना आहे. आपल्याकडे तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये जिनाच बांधलेला नाही. बाहेरून शिडी लावायची.

त्या रात्री बायने मला विचारलं, "काका, हांव नर्स जावंक शकतां?" मी म्हटलं, बघू.

आता जे सांगायचं आहे ते गेली काही वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. २०१९ च्या जूनमध्ये वर्तमानपत्रात बेळगावच्या एका नर्सिंग स्कूलची जाहिरात आली. जी.एन.एम., बारावी कुठलीही शाखा. मी ती वाचली. ऑफिसातल्या कात्रीने कापली. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली, रहिवासी दाखल्याच्या कोऱ्या फॉर्मांच्या खाली. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेलो तर आई खिडकीशी बसवलेली, वेणी घातलेली, आणि बाय तिला डाव्या हाताने अळूची पानं मोडायला शिकवत होती. मी चहा घेतला आणि काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुदत गेली. मनाशी म्हटलं, तिला तरी आता कुठे झेपणार, इंग्रजीत ४१ मार्क, पैसे कुठून आणणार. ही सगळी कारणं खरीच होती. पण मुख्य कारण एकच होतं. बाय गेली तर आईचं कोण बघणार?

दर वर्षी आम्ही ऑफिसात माहितीच्या अधिकाराचे अर्ज निकाली काढतो. माहिती दडवणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये सगळं बंद. कदंबा बंद, ब्यूरो बंद, बाय सत्तरीला जाऊ शकेना. ते सगळे महिने ती आमच्याकडेच राहिली. आई २०२१ च्या जानेवारीत गेली. शेवटी तिला पाठीखाली, माकडहाडाच्या वर, बेडसोर झाला होता. त्याचं ड्रेसिंग बायच करायची आणि मी दाराशी उभा राहून पंखा कमी-जास्त करायचो. माझी मदत तेवढीच.

तेराव्यानंतर मी ड्रॉवर उघडला. कात्रण पिवळं पडलं होतं. ते मी बायला दिलं नाही, फाडून टाकलं. त्या वर्षीचा नवा प्रॉस्पेक्टस मात्र मागवला आणि फॉर्म भरायला बसलो. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, दहावीचे गुण, बारावीचे गुण. दुसऱ्या पानावर जात, धर्म, पालकाचं उत्पन्न. बायने दोन्ही पानं उलटून बघितली, मागचं कोरं पानसुद्धा बघितलं, आणि विचारलं, "काका, म्हजो अनुभव खंय बरोवचो?"

कुठेच नाही. मी म्हटलं, पुरवणी जोडू. ब्यूरोकडे दाखला मागितला. तिथल्या माणसाने सांगितलं, मुलगी सोडून चालली, तिला कसला दाखला. म्हणून मीच लिहिला. वीस वर्षं दाखले टाइप करतो आहे, पण तो लिहायला मला दोन रात्री लागल्या. 'सदर व्यक्तीने माझ्या मातोश्रींची' इथपर्यंत लेखणी सरळ यायची आणि पुढे अडायची. काय लिहायचं? दोन वर्षं दोन महिने. दर दोन तासांनी. शेवटी साधं लिहिलं. काय काय केलं त्याची यादी, तारखा आणि माझी सही.

बेळगावला मीच घेऊन गेलो तिला, चोर्ल्याच्या घाटाने. काउंटरवर माझ्यासारखाच एक क्लार्क. त्याने फाइल भराभर चाळली. मार्कशीट, जन्मदाखला, डोमिसाइल, मेडिकल. माझ्या दाखल्याशी आला, अर्धं मिनिट वाचला, आणि टाचणी काढून तो बाजूला केला. "हे लागत नाही," मराठीत म्हणाला. वाईट बोलला नाही. मीही त्याच्या जागी हेच केलं असतं. जास्तीचा कागद फाइलीत ठेवला की पुढे कोणीतरी विचारतं, हा का आहे. बायने तो परत घेऊन पर्समध्ये ठेवला. प्रवेश मिळाला तो बारावीच्या ५८ टक्क्यांवर आणि रिकाम्या राहिलेल्या जागांवर.

मग अनुभवाचा उपयोग शून्यच का? इथेच माझं परवाचं उत्तर अपुरं पडलं. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकं सुरू झाली, तेव्हा वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुली पहिल्यांदा बेडपॅन हातात घेऊन रडल्या. दोघीजणी महिन्याभरात घरी परतल्या. बायला त्याचं काहीच नव्हतं. रोगी अंथरुणात असताना चादर बदलणं, अंग पुसणं, नाडी-ताप-श्वास मोजणं, राइल्स ट्यूबने भरवणं, यांत सिस्टर ट्यूटर तिलाच पुढे उभी करायच्या. रात्रपाळीत कानडी म्हातारे तिच्यावर खूश. तिला कानडी 'नोवु', म्हणजे दुखतं, एवढा एकच शब्द सुरुवातीला येत होता, पण तो पुरायचा म्हणे.

अडली ती ॲनाटॉमीत. सगळं इंग्रजीत. सत्तरीतल्या मराठी शाळेत चौथी केलेली मुलगी, पुढे इंग्रजी माध्यम नुसतं नावाला. फोनवर मला हाडांची नावं म्हणून दाखवायची आणि मी बी.ए. मराठीवाला, मला त्यातलं काय कळणार? पण 'सेक्रम' शब्द आला तेव्हा ती थांबली. म्हणाली, "काका, आजीचं तें हाड." मग तिला तो शब्द विसरायला झाला नाही.

आणखी एक अडचण होती, जी कोणी सांगत नाही. आधी काम केलेल्याला पुष्कळ गोष्टी पुसून टाकाव्या लागतात. तिचे हात सवयीने धावायचे. ग्लोव्हज घालायच्या आधी, हात धुवायच्या आधी रोग्याला आधार द्यायला पुढे. ट्यूटर ओरडायच्या. कोऱ्या पाटीच्या मुली पायऱ्या पाठ करून बरोबर करायच्या, हिला आधीची रेघ खोडावी लागायची. पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिला याच कारणाने कमी गुण पडले.

जाता जाता एक सांगतो. ही दरी नुसती नियमांची नाही. आपल्या मराठी समाजात मुळात नर्सिंग हेच 'तसलं' काम मानलं जायचं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि ससून इस्पितळात हिंदू बायकांना परिचर्या शिकवायला पाठवलं, तेव्हा लोकांची तोंडं वाकडी झालीच. कोणाकोणाचं मलमूत्र, कोणाची शिवाशिव, परपुरुषाचा स्पर्श. ते कलंक धुऊन काढायला परिचारिकांना शिक्षण, गणवेश, परीक्षा, रजिस्टर या सगळ्याचा आधार घ्यावा लागला, आणि तो त्यांनी हक्काने घेतला. पण धुतलेलं पाणी कुठेतरी जातंच. ते आयाबायांच्या अंगावर गेलं. आज नर्सला 'सिस्टर' म्हणतात आणि बेडपॅन उचलणारीला 'ए मावशी'. नर्सिंगच्या प्रवेशाच्या फॉर्मात तिचा रकाना नाही, याचं एक मूळ तिथेही असेल असं मला वाटतं. चूक असेन तर जाणकारांनी सांगावं.

२०२२ च्या चवथीला बाय आमच्याकडे आली होती. दुसऱ्या वर्षाला जायच्या आधीची. माटोळीखाली बसून नेवऱ्या खाल्ल्या, बायकोबरोबर भांडी घासली. मी तिला सहज विचारलं, नवीन काय शिकलीस? ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "काका, आजीच्या पाठीला मी स्पिरिट-पावडर लावून रगडायचे ना? लाल झालेल्या जागेवर? तसं करायचं नसतं. हाडावरची लाल जागा चोळली की आतली कातडी आणखी फाटते. ब्यूरोत तसंच शिकवलेलं."

मला आठवलं, तिला रोज संध्याकाळी 'जरा जोरात चोळ' म्हणणारा मीच होतो.

मी विचारलं, "त्यामुळेच झाला का तो?"

"एकट्या त्यामुळे नाय होत. तिचं खाणं कमी झालेलं, हलता येत नव्हतं. पण वाढला असेल." मग तिने पुढे सांगितलं, "एका वर्षाआधी शिकले असते तर केलं नसतं."

ती सहज बोलली. तिला कात्रणाचं काहीच माहीत नाही. मी उठून समईत तेल घातलं. ते आधीच भरलेलं होतं, थोडं खाली सांडलं.

२०२४ मध्ये ती पास झाली, नोंदणी झाली. आता बेळगावलाच एका इस्पितळात स्टाफ नर्स आहे आणि गोव्यात सरकारी जागा निघण्याची वाट बघते आहे. त्यासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो आणि कोकणी यावी लागते. दोन्ही तिच्याकडे आहेत. दाखल्याचं मी बघून दिलं.

सहकाऱ्याच्या भाचीला मी आज फोन केला. सांगितलं, गुणांत काही धरत नाहीत, ते खरं. पण तू काम सोडू नकोस आणि प्रवेशाच्या तारखाही सोडू नकोस. बारावी कुठल्या शाखेची, इंग्रजीत किती, ते मला पाठव. इस्पितळाकडून कामाचा दाखला आत्ताच मागून ठेव, मागाहून देत नाहीत. आणि जिथे काम करतेस तिथल्या चार गोष्टी चुकीच्या असू शकतात, तेवढं मनात धर. ती म्हणाली, जाहिरात कधी येते ते कसं कळणार?

मी म्हटलं, आली की त्याच दिवशी कळवतो.